उजवी दांडी

९ नोव्हेंबर, रविवार

बबलूनं गेमचा रिमोट भिंतीवर फेकून मारला. डावी दांडी मुळातून तुटली, उजवी ठणठणीत. जमना म्हणते, आवाज काढू नका, पडू द्या त्याले. मी आवाज कुठं काढला? मी तं खाली बसून तुकडे उचलून राह्यलो होतो.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. हे रिमोट बनवणाऱ्यानं दोन हाताच्याच माणसाचा विचार केला. डाव्या अंगठ्यानं गेममधला माणूस चालवा लागते, उजव्यानं तो कुठं पाहीन ते फिरवा लागते — दोन्ही एकाच टायमाले. अन् बबलूचा उजवा हात ऑगस्टपासून नुसता लटकून हाये. वणी रोडवर कोळशाच्या चिखलात गाडी घसरली, खांद्यातली नस ओढल्या गेली. नागपूरचे डॉक्टर म्हणतात, येईन तं येईन, वाट पाहा. बावीस वर्षाचा पोट्टा हाये अन् म्हणे वाट पाहा.

तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून पडते. जेवते ते दार लावून. डाव्या हातानं सांडते, ते कोणाले दिसू नये म्हणून. परवा पहिल्यांदा स्वतःहून आईले काही मागतलं त्यानं — "याडी, टीव्हीले कन्सोल लावून दे." जमना इतकी खूश, पदरानं तो डबा पुसत बसली. अन् आज हे.

मले भ्या वाटते. इथं लिहून ठेवतो, तिच्यासमोर बोलता येत नाही.

११ नोव्हेंबर

वणीले गेलतो. भारतचं मोबाइलचं दुकान, गेमचं सामान पण ठेवते तो.

"एका हातानं चालणारा रिमोट हाये काय?"

"काका, कन्सोल कोणता हाये तुमचा?"

"काळा."

हसला नाही, हे त्याचं चांगुलपण. म्हणे, बबलूले फोन लावून विचारू काय. मी म्हणलं, खबरदार. मंग जमनाले फोन करून डब्याचा फोटो मागवला. पहिल्या फोटोत तिचा अंगठा, दुसऱ्यात टीव्हीवरची धूळ, तिसऱ्यात डबा.

एका हाताचे रिमोट असतात म्हणे, पण बाहेरून मागवा लागतात, कधी येतीन त्याचा नेम नाही. पण भारतनं दुसरीच एक गोष्ट सांगतली. सेटिंगमध्ये जाऊन दोन रिमोट एकात जोडता येतात. दोघं मिळून एकच माणूस चालवते. उडी मारायची कळ उजवीकडं असते, ती पण डावीकडं घेता येते. "डावं बबलू पाहीन, उजवं तुमी सांभाळा, काका."

मी उभी जिंदगी खदानीत पोकलेन चालवला. दोन हातात दोन दांड्या, पायाखाली पेडल. मले एका दांडीचं काय सांगते? नवा रिमोट घेऊन आलो. दोन सेलवर चालते.

१२ नोव्हेंबर

बसमध्येच डोक्यात आलं होतं. पोकलेनमध्ये आपण पाय वापरतो, तं इथं काहून नाही? तुटक्या रिमोटाची उजवी दांडी चांगली हाये. तिचा उपयोग करा.

सकाळीच बसलो. जुन्या स्टुलाची फळी घेतली, तिच्यावर तुटका रिमोट सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधला, दांडीवर चपलेचा रबर कापून बसवला. पाय ठेवला का दांडी चारी बाजूनं फिरते. लय मस्त झालं होतं, मी मलेच म्हणलं, उत्तमसिंग, तू रिटायर व्हाले नको होतं.

बबलूनं पाह्यलं अन् म्हणला, "मी सर्कशीतलं माकड हाव काय?"

फळी पलंगाखाली लोटून देल्ली. मी चिडलो. जेवणार नाही म्हणलं. जमना म्हणली, नका जेवू. मंग जेवलो.

१४ नोव्हेंबर

दोन रिमोट जोडले. भारतनं फोनवर सांगतलं, बबलूनं दाबलं, मी नुसता "हो हो" करत होतो. तुटका आता कामाचा नाही, कन्सोलसोबतचा दुसरा बबलूच्या हातात, नवा माह्या. बबलू म्हणते, "बाबा, त्याले रिमोट नाही, कंट्रोलर म्हणा." मी रिमोटच म्हणीन.

गेम असा हाये — एक माणूस डोंगरात वाट हुडकत चालला. भाऊ हरवला त्याचा. खाली दरी, वर बर्फ. बबलू चालवते, मी त्याची मान फिरवतो.

"वर पाहा, बाबा."

मी दांडी मागं ओढली. तो खाली पाहू लागला.

"वर म्हणलं, वर."

अजून जोरानं ओढली. आपल्या बुटाकडं पाहत पाहत तो माणूस दरीत गेला.

पोकलेनची दांडी मागं ओढली का बूम, म्हणजे त्याचा लांब हात, वर जाते, पुढं लोटली का खाली. हाताले तेच पाठ हाये. अन् गरकन् फिरायचं काम डाव्या हाताचं, इथं ते बी उजव्याले देल्लं. सगळं उलटंच करून ठेवलं बाप्पा यायनं. बबलूनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. भिंतीकडं नाही वळला.

१५ नोव्हेंबर

दरीत. दरीत. दरीत. एकदा अस्वल.

१८ नोव्हेंबर

भारतले पुन्हा फोन. "काका, सेटिंगमध्ये वरखाली उलटं कराची सोय हाये." मंग पहिले सांगाले काय झालतं?

उलटं केलं. आता मागं ओढली का वर पाहते, माह्या पोकलेनसारखी. मी खुशीत ओढली तं माणूस थेट आभाळाकडं पाहू लागला, अन् चालवणाऱ्याले रस्ताच दिसेना. बबलू म्हणे, "बाबा, चंद्रावर चालले काय?" अन् हसला. ऑगस्टनंतर पहिल्यांदा हसला तो. जमना सैपाकघरातून पळत आली, अन् दारातूनच वापस गेली, त्याले दिसू नये म्हणून.

२३ नोव्हेंबर, रविवार

चार-पाच दिवस झाले, एका पुलापाशी अडकलो. दोराचा पूल हाये. वाऱ्यानं हलते. चालता चालताच पाहा लागते, नजर हलली का पाय घसरला. अवघड जागा आली का रिमोट हातात थरथरते. मले वाटे मी कापून राह्यलो. बबलू म्हणला, त्यात मोटर असते. बरं झालं सांगतलं.

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. जमना म्हणे, सेल आणा. विसरलो.

नागपूरहून बबिताचा फोन होता. "बाबा, तुमी गेम खेळून राह्यले?" म्हणून इतकी हसली पोरगी. मंग हळूच विचारलं, "दादा जेवते काय सगळ्यायसोबत?"

नाही, म्हणलं. अजून दार लावूनच.

मले त्या पुलाशी काही घेणंदेणं नाही. त्यानं दार उघडं ठेवून जेवलं पायजे, एवढंच पायजे मले. पण ते त्याले म्हणता येत नाही, म्हणून पूल.

२७ नोव्हेंबर

थंडी पडली. बबलू पायावर ब्लँकेट घेऊन पलंगाच्या कडेले बसते, मी बाजूले खुर्चीवर.

आज माह्याच चुकीनं पाचदा पडलो. पुलाच्या शेवटच्या लाकडी पाटीपर्यंत पोचलो होतो, अन् मी शिंकलो. डोळ्यात पाणी आलं मले, म्हाताऱ्या माणसाच्या, एका गेमपायी. म्हणलं, "बबलू, दुसरा कोणी पाह्य. तुह्या दोस्तायपैकी बलाव एखाद्याले. माह्याच्यानं होत नाही."

तो टीव्हीकडंच पाहत होता. म्हणला, "तुमी बसा, बाबा."

बसलो.

२९ नोव्हेंबर

दोन-चार दिवसापासून दुपारी बबलूच्या खोलीतून टकटक येते. दार लावलेलं असते. जमना म्हणते, घूस असन. पिंजरा लावला, आत शिळी भाकर. घूस काही सापडली नाही, भाकर मातर गेली. मुंगळ्यायनं नेली असन.

२ डिसेंबर, मंगळवार

आज हात बसला!

खरंच सांगतो. वर म्हणलं का वर, डावीकडं म्हणलं का डावीकडं. एकदा बी दरीत नाही. बबलू बोलायच्या आधीच होऊन जाते. इतके दिवस झाले, कधी ना कधी बसणारच होता. पोकलेनवर पण पहिला महिना फोरमननं शिव्याच देल्ल्या होत्या मले.

रिमोट पण हलका वाटते आता. सवय झाली असन. थरथरणं बंद केलं काय म्हणून विचारलं, तं बबलू म्हणे, "हो, सेटिंगमधून काढलं, तुमाले त्रास होते म्हणून." मी चालू कराले बटण हुडकत होतो, तं म्हणे राहू द्या, सगळं मीच चालू करतो. बापाची काळजी करते पोट्टा.

४ डिसेंबर

एक गंमत झाली. घाईघाईत मी दांडी चुकून पुढं लोटली, म्हणजे खाली पाहाले पायजे होतं. तरी माणूस वरच पाहू लागला, जसं पायजे तसं. मशीनले माही सवय झाली! भारतले फोन करून विचारलं, असं होते काय. तो म्हणे, "नवीन गेममध्ये मदत करायची सोय असते काका, थोडंफार सांभाळून घेते."

थोडंफार म्हणे. त्यानं मले खेळतानी पाह्यलं नाही म्हणून.

५ डिसेंबर, शुक्रवार

पूल पार झाला.

सांजच्या टायमाले. जमनाले बोलावून बसवलं होतं, साक्षीदार म्हणून. वारा सुटला, पूल तिरपा झाला, मी म्हणलं, "बबलू, तू पायाकडं पाह्य, नजर मी सांभाळतो." एकेक पाटी गेलो. माह्या अंगठ्याले घाम. पल्याड पाय टेकला तं जमनानं टाळ्या वाजवल्या. तिले गेम समजते काय, तरी वाजवल्या.

"बाबा, मस्त चालवलं तुमी," बबलू म्हणला.

मी बबिताले फोन केला, भारतले केला. शेजारच्या रामधनले पण जाऊन सांगतलं. तो म्हणे कोणता पूल, वर्धा नदीवरचा काय?

अन् खरी गोष्ट आता लिहितो. रातच्याले जमनानं ताट त्याच्या खोलीत नेलं, तं तो ताट घेऊन बाहेर आला. आमच्यासोबत बसला. डाव्या हातानं जेवला. वरण सांडलं, भात सांडला, पाण्याचा गिलास पाडला. आम्ही दोघं आपापल्या ताटात पाहत होतो. मी बैताडासारखा भाजीचं कौतुक करत सुटलो, भाजी खारट होती. जमनानं दोनदा नाक पुसलं अन् म्हणली, मिरचीचा ठसका लागला.

माह्याच्यानं झालं हे. लिहायले काय लाज. उत्तमसिंगच्या हातानं झालं.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी चहा पितानी भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर गेली. चालू होतं.

म्हणलं, सेल कधी आणले?

"आणले कुठं," जमना म्हणली, "सोमवारी तुमच्या रिमोटातले टाकले." मंग म्हणली, पूल झाला, आता सांगाले हरकत नाही. बबलूनंच काढून देल्ले होते. "बाबाची दांडी आता मी पायानं चालवतो, याडी. त्यायले सांगजो नको. बसू दे बाजूले. त्यायले बरं वाटते."

तो आंघोळीले गेला तं खोलीत जाऊन पाह्यलं. पलंगाखाली फळी नव्हती. पलंगापुढं होती, वरून ब्लँकेट टाकलेलं. चपलेचा रबर एका बाजूनं झिजून पातळ झाला. मी तिथंच खाली बसलो, अन् मले रडू आलं.

संध्याकाळी खुर्चीवर बसलो, रिमोट हातात घेतला.

"बाबा, उजवीकडं," बबलू म्हणला.

मी दांडी उजवीकडं लोटली.