तिसऱ्यांदा विचारलं तर

ता. ४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. हे आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. शिवणाच्या कारखान्यात माझं काजं करण्याचं काम बरं चाललंय. पंचाईत होते ती चहाच्या सुट्टीत. तू सांगितल्याप्रमाणे हवेविषयी बोलतो, समोरच्याच्या भुवयांकडे बघतो आणि मरणाचा विषय काढत नाही.

आमचे कटिंगमास्तर गेल्या महिन्यात वारले, हे कळवलं होतंच. सोमवारपासून ते चहाला येतात, गळ्यात टेप घालून. बाकीचे मान खाली घालून बिस्किटं बुडवत बसतात, त्यांना उत्तरच देत नाहीत. मला हा उद्धटपणा वाटतो. मास्तरांनी मला दोनदा घरी चल म्हटलं. तुझ्या नियमाप्रमाणे दोन्ही वेळा नको म्हणालो. आता तिसऱ्यांदा हो म्हणायचं ना?

आहे तसाच लोभ राहू दे.
तुझा,
काजू

ता. ९

चि. काजूस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. आधी वाटलं, थट्टा करतोयस. पण थट्टा आणि तू म्हणजे छत्तीसचा आकडा!

तू स्वमग्न आहेस हे कळल्यापासून हे नियम मीच तुझ्याकडून घोकून घेतले, तुला कोणी हसू नये म्हणून. पण दोनदा नको आणि तिसऱ्यांदा हो, हे जिवंत माणसांच्या आग्रहासाठी रे! मास्तरांना हो म्हणू नकोस. बोलूच नकोस. बाकीचे करतात तसं कर. माझ्या जिवाला घोर लागलाय. रविवारी येतेच आहे.

जिवाला जप, एवढं माझं ऐक.
तुझी,
ताई

ता. १२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण मला राहवेना. मी सरळच विचारलं, की मास्तर, तुम्ही वारलात ना?

सगळ्यांचे कप हातातच राहिले. मास्तरांनी एकेकाकडे पाहिलं. कोणीच मान वर केली नाही. मग ते म्हणाले, की हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. घरी बायकोही ताट वाढते आणि गप्प बसते. कोणीतरी बोलणारं हवं, म्हणून मला नेत होते.

त्यांनी टेप काढून टेबलावर ठेवली. निघताना सगळे येतो म्हणतात. मास्तर जातो म्हणाले.

मी त्यांना परत या म्हणालो नाही. बरोबर केलं ना, ताई?

माझ्यावर रागावू नकोस, माया असू दे.
तुझा,
काजू