बरे वाटले त्या दिवशीचे पत्र

॥ श्री ॥

दि. ४ जून

चि. मिस्त्री यास अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्याच्या कृपेवाचून झाडाचे पान हलत नाही, त्या दयाघनाला प्रथम वंदन. आज मला तुझ्यावर रागवायचे आहे, आणि ईश्वरस्मरणानंतर आलेला राग मर्यादेत राहतो असा माझा अनुभव आहे.

येथे माझे क्षेम आहे. कान मात्र पुरते गेले. शेजारीणबाई फोन लावून देतात, पण तुम्हा मुलांचा आवाज मला विहिरीत धोंडा पडल्यासारखा ऐकू येतो. म्हणून पत्राचीच वाट पाहतो, आणि तुझे पत्र नाही. सूनबाईने सारे कळवले. कंपनी बुडाली, तिच्याबरोबर तुझा त्या परक्या देशात राहण्याचा परवाना बुडाला, आणि लिफ्ट दुरुस्त करीत असता हातातला पाना खाली ठेवायची उसंत न देता तुला नेऊन स्थानबद्ध केले. चोरी नाही, चहाडी नाही. कागदाची मुदत संपली, एवढाच अपराध. यात लाजून गप्प बसण्यासारखे काय आहे?

मी आयुष्यभर वर्गात ऊर्ध्वगतीची प्रवचने झोडली, एक जीव पायरीभर वर चढला नाही. तू बटण दाबून दहा-दहा माणसे दहाव्या मजल्यावर नेतोस. असा मुलगा बापापुढे तोंड लपवीत नाही.

तेव्हा लिही. आपल्या घरचा शिरस्ता तुला ठाऊक आहे. पहिल्या ओळीत आपले क्षेम, मग बाकीचा संसार. आणि जे खरे नाही ते कागदावर उतरवायचे नाही. लोभ आहेच, तो तुझ्या अक्षराच्या दर्शनाने वाढावा.

तुझा,
दादा

*

दि. १९ जून

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मी येथे खुशाल आहे. तुमचे पत्र येऊन चार दिवस झाले. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो, पण पहिली ओळच जमेना. तुमच्या शिरस्त्याने लिहायची ती आज जमली. आधी का जमली नाही ते विचारू नका. गेले ते गेले.

आमची खोली शेवटची, लांबट आहे. आठ खाटा, एकीवर एक. खिडकी आहे, पण तिला भिंतच दिसते. माझ्या खालच्या खाटेवर आपल्याच भाषेचा एक शिंपी आहे. सुई ठेवू देत नाहीत, म्हणून तो दिवसभर सगळ्यांच्या कपड्यांची शिवण नजरेने उसवत बसतो. आमच्या पहारेकऱ्याच्या पँटीची शिलाई पाहून त्याला झोप येत नाही म्हणे. गेले काही दिवस मी गुडघे पोटाशी घेऊन निजत होतो, तर हा म्हणायचा की वरच्या खाटेवर प्रश्नचिन्ह ठेवले आहे. आज दुपारी सरळ पाठीवर आडवा झालो, तर म्हणाला, प्रश्नाला उत्तर मिळालेले दिसते.

इथल्या कचेरीची लिफ्ट दुसऱ्या मजल्याशी कण्हते. तेलाचे दोन थेंब पुरतील. पहारेकऱ्याला तसे सांगितले, तर त्याने विचारले की मी इथे नोकरीला आलो आहे का.

जेवण नको वाटले, ते उद्या जेवेन. जरा थंडी वाजते आहे, पांघरूण ओढूनच लिहितो, म्हणून अक्षर असे. रागावू नका. लोभ असावा ही विनंती.

तुमचा,
मिस्त्री

*

दि. २७ जून

ती. मामंजींस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी शेजारीणबाईंनी पाटीवर लिहून तुम्हाला दाखवली, हे त्यांनीच सांगितले. ती मी सांगायला हवी होती. पण तुमच्या कानात ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

एकवीस तारखेला सकाळी ते खाटेवरून उठले नाहीत. स्थानबद्धता केंद्राचे म्हणणे असे की हृदय अचानक बंद पडले, मृत्यू नैसर्गिक, आणि त्याआधी त्यांची काही तक्रारच नव्हती. केंद्राच्या डॉक्टरने वरवर पाहून तसे लिहूनही दिले. मला काचेपलीकडून फक्त चेहरा दाखवला. गळ्यापासून खाली पांढरी चादर. मी म्हटले, चादर काढा. म्हणाले, नियम नाही. हॉटेलच्या धुलाईत दिवसाला शेकड्यांनी चादरी इस्त्री करते मी. चादर कशासाठी घालतात ते मला कोणी शिकवू नये.

मग त्यांच्या साहेबाने पुरावा म्हणून काय काढले असेल? तुमच्या मुलाचे तुम्हाला आलेले पत्र. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची ते नक्कल ठेवतात आणि भाषांतर करून घेतात. पहिल्या ओळीखाली रेघ मारलेली. म्हणाला, बाई, तुमचा नवराच लिहितो की मी खुशाल आहे, मग आम्ही काय ओळखायचे?

आता माझ्यापुढे दोन वाटा आहेत. केंद्राचा कागद मान्य करून सही केली, तर ते लगेच घरी येतील. नाही केली, तर मी गाठलेल्या वकीलबाई न्यायालयाकडून बाहेरचा डॉक्टर मागतील. तो देह उघडून पाहील. तोवर त्यांना शीतघरात राहावे लागेल. कायद्याने माझी एकटीची सही पुरते. पण ते तुमचेही होते, आणि तुमच्या शब्दावाचून मी लेखणी उचलणार नाही. एवढेच सांगते, अग्नी सगळे शुद्ध करतो असे तुम्ही म्हणता. तो साक्षीदारालाही जाळतो, मामंजी.

लोभ होता तसाच ठेवावा.

तुमची,
सूनबाई

*

॥ श्री ॥

दि. ५ जुलै

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

हात सवयीने 'सौ.' लिहून गेला. खोडवत नाही, तसेच राहू दे.

तुझे पत्र देवापुढे ठेवून तीन वेळा वाचले. पोरी, सही कर आणि त्याला घेऊन ये. जिवंतपणी त्याला कोंडले. मेल्यावर तरी त्याला चिरू नये. बापाने मुलाला अग्नी द्यायचा ही उलटी गंगा माझ्या कपाळी आलीच आहे, तर निदान तो मला अखंड मिळू दे. देहाला वेळेवर निरोप मिळावा, हे शास्त्राचे सांगणे मला पाठ आहे. शीतघरात ठेवलेल्या माणसासाठी कोणता मंत्र म्हणावा, ते मात्र मी कधी शिकलो नाही.

न्यायाचे म्हणशील, तर वरचा न्यायाधीश कोणाच्या नकला मागवीत नाही. तो पाहील. आपण दुबळी माणसे. हत्तीच्या पायाशी भांडून मुंगीचे काय भले होते?

तुला माझे म्हणणे कठोर वाटेल. म्हाताऱ्यावरचा लोभ उणा होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामंजी

*

दि. १२ जुलै

ती. गुरुजींस,
कृ. सा. न. वि. वि.

ओळखदेख नसता लिहितो, याची क्षमा असावी. मिस्त्रीभाऊंच्या खालच्या खाटेवरचा शिंपी तो मीच. आमची पत्रे उघडली जातात. वकीलबाईंच्या पाकिटाला मात्र हात लावता येत नाही, म्हणून हे त्यांच्या हाती दिले आहे. वहिनी म्हणाल्या, तुम्ही सही करा म्हणता. ती व्हायच्या आत तुम्हाला हे माहीत असावे.

तुमचे पत्र आले त्या दिवशी त्यांचे पोट दुखू लागले. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. दुसऱ्या दिवशी ताप. दवाखाना म्हणजे एक खिडकी आहे, तिथे मी त्यांना धरून नेले. काचेआडच्या नर्सबाईंनी त्यांना हातही न लावता अपचनाच्या गोळ्या सरकवल्या, आणि डॉक्टर त्यांच्या वारी येतील म्हणाल्या. पुन्हा नेले, तर पहारेकरी म्हणाला की विमानात बसवायची वेळ आली की सगळ्यांचीच पोटे दुखतात. तिसऱ्यांदा त्यांना चालवेना. मी दार बडवले, तर मलाच दम मिळाला.

मी त्यांना म्हटले, निदान घरी तरी कळवा, वडील काही खटपट करतील. तर म्हणाले, दादांना पहिल्या ओळीत क्षेम लिहावे लागते, खोटे लिहिता येत नाही, आणि खरे लिहिले तर म्हातारा जेवणार नाही; बरे वाटले की लिहीन. एकोणीस तारखेला दुपारी दुखणे एकदम थांबले. कळ गेली म्हणून हसले, आणि लगेच तुम्हाला पत्र लिहिले. संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. वीस तारखेला भ्रमात बोलत होते. मी पुन्हा दार बडवले. एकवीसचे तुम्हाला ठाऊक आहे.

वकीलबाईंनी एका डॉक्टरला विचारले. त्यांचे म्हणणे, अपेंडिक्स फुटले की कळ काही वेळ थांबते, आणि विष पोटभर पसरते. तसेच झाले की काय, हे पोट उघडल्याशिवाय कळायचे नाही म्हणे.

हे सगळे मी न्यायालयात सांगेन. लोभ असावा.

आपला,
शिंपी

*

॥ श्री ॥

दि. २० जुलै

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

त्यांच्या कागदावर सही करू नकोस. बाहेरचा डॉक्टर मागव. जे उघडायचे ते उघडू दे.

शिंपीभाऊंचे पत्र आले त्या दिवसापासून मी पोथ्या घेऊन बसलो होतो. देह अखंड असावा यासाठी वचने सापडली, आणि सत्यासाठी देहही द्यावा यासाठीही सापडली. विद्वानाला हवे ते वचन सापडते. त्यात त्याची विद्वत्ता दिसते, धर्म दिसतोच असे नाही. पोथ्या मिटल्या तेव्हा कळले की शास्त्राचा मला अडसर नव्हता. माझ्या मुलाच्या पोटावर सुरी चालणार हे मला सोसवत नव्हते, आणि त्या दुबळेपणाला मी शास्त्राचे सोवळे नेसवले होते. ज्या हाताने खोट्या कागदाला होकार द्यायचा, त्याच हाताने अग्नी कसा देऊ?

न्यायालयासाठी माझे म्हणणे सोबत जोडले आहे. वकीलबाईंनी ते जसेच्या तसे मांडावे. त्याचा सारांश असा. साहेब म्हणतात, मुलगा खुशाल आहे असे लिहितो. बरोबर आहे. माझा मुलगा खोटे लिहीत नसे. ते पत्र त्याने खरे मानूनच लिहिले. म्हणूनच माझा प्रश्न असा की, पत्र हाती पडूनही चार दिवस त्याला ते का लिहिता आले नाही? साहेबांनी त्याच्या पहिल्या ओळीखाली रेघ मारली आहे. पुढची चार वाक्ये त्यांनी वाचावीत. पहिली ओळ जमेना, असे तो स्वतःच सांगतो आहे. त्याचा शब्द पुरावा धरायचा, तर सगळाच धरावा.

तू जेवत नाहीस, असे वकीलबाईंकडून कळले. मी जेवतो. दोघांपैकी एकानेच उपाशी राहायचे झाले, तर तो मान वयाने माझा आहे, आणि मी तो सोडला आहे. तेव्हा तुला तो मिळणार नाही. जेव.

तुझा,
मामंजी

*

दि. १४ ऑगस्ट

ती. मामंजींस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रागावाल म्हणून आधीच सांगते, जेवून लिहिते आहे.

बाहेरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासले. अपेंडिक्स फुटलेलेच होते, आणि सगळे पोट पुवाने भरले होते. एका दिवसाचे काम नव्हे, म्हणाल्या. हृदयाला काही झालेले नव्हते. वेळेवर इस्पितळात नेले असते तर साधी शस्त्रक्रिया होती, हेही म्हणाल्या. ते मी विचारले नव्हते. विचारायचे धैर्य नव्हते.

केंद्राने आता नवे काढले आहे. तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत म्हणे, आणि रोग्याने दुखणे नीट सांगितले नाही म्हणे. म्हणून न्यायालयाने चौकशी लावली. तिच्यात शिंपीभाऊ एकटेच साक्षीदार आहेत. खोलीतल्या बाकी सगळ्यांना परत पाठवून दिले. शिंपीभाऊंनी तर स्वतःच परत जायला होकार दिला होता, विमानही ठरले होते. तो होकार त्यांनी मागे घेतला. आता साक्ष होईस्तोवर त्याच खोलीत. मी म्हटले, भाऊ, असे करू नका. तर म्हणाले, वहिनी, अर्धी शिवण टाकून उठणारा शिंपी पाहिला आहे का?

आम्ही येतो. तुमच्या मुलाला घेऊन येते. लोभ असावा.

तुमची,
सूनबाई

*

॥ श्री ॥

दि. १० सप्टेंबर

चि. शिंपीभाऊ यांस अनेक आशीर्वाद.

ईश्वरकृपेने मुलाचे सर्व विधी झाले. सूनबाई माझ्याशेजारी उभी होती. मृत्यूचे कारण काय, असे दाखला पाहणाऱ्याने विचारले. तिने ते मोठ्याने आणि न रडता सांगितले, आणि मला बहिऱ्यालाही ते ऐकू आले. परवा ती परत निघते. नोकरी आहे आणि चौकशीही आहे.

तुम्ही घरची वाट सोडून त्या खोलीत थांबलात. दुसऱ्याच्या मुलासाठी परका माणूस असे करतो, याला माझ्या वाचनात दृष्टांत नाही. परंतु मला आता एका गोष्टीची धास्ती वाटते. सूनबाई सांगते, तुम्हाला खोकला आहे आणि तो जात नाही. त्या खिडकीतून तुम्हालाही गोळ्याच मिळतात. भाऊ, मी एक मुलगा त्या खोलीत गमावला आहे. सत्य मला हवे आहे, पण दुसऱ्या कोणाच्या छातीची किंमत देऊन नको. तुम्हाला जावेसे वाटले तर जा. वचन मोडले असे मी म्हणणार नाही, आणि कोणाला म्हणू देणार नाही. थांबायचेच ठरवलेत, तर वकीलबाईंनी बाहेरच्या डॉक्टरीणबाईंना तुमच्याकडे पाठवण्यासाठी अर्ज तयार केला आहे, त्यावर आजच्या आज सही करा. हा उपदेश समजू नका. वडिलांची आज्ञा समजा. तो अधिकार मी न विचारता घेत आहे.

हे पत्र मुद्दाम साध्या टपालाने पाठवतो. ते वाटेत उघडले जाईल हे मी जाणतो. जो कोणी ते उघडील, त्याला माझी नम्र विनंती की यातला एक शब्दही गाळू नये. आणि वाचून झाल्यावर उठून शेवटच्या खोलीपर्यंत जावे, आणि शिंप्याला बरे वाटते का, हे त्यालाच विचारावे.

तो दयाघन तुम्हाला आरोग्य देवो. हे पत्र उघडणाऱ्याचे, भाषांतर करणाऱ्याचे, नक्कल ठेवणाऱ्याचे आणि पुढे कधी ज्यांच्या हाती ते पडेल त्या सर्वांचे तो कल्याण करो. त्यांच्या घरी कोणी कण्हले तर दार वेळेवर उघडले जावो, आणि दुसऱ्याचे दार उघडण्याचे बळ त्यांच्या हातांना लाभो. शुभं भवतु.

तुमचा,
दादा