पोळ्याच्या दिवशी नांगर

१६ सप्टें., मंगळ.
चाकणहून पुतण्याचा, निलेशचा फोन. कोरियन कंपनीत कंत्राटी आहे. दिवाळीआधी पर्मनंट करू म्हणालेत. "काकू, आमच्या एचआरला इंग्रजी भाषण लिहून पाहिजे." विषय: सोलमधली सन्नोंगदान वेदी. कोरियाचा राजा तिथे शेतीच्या देवांची पूजा करायचा, मग स्वतः नांगर धरायचा. आता कंपनीचे मोठे साहेब गेटजवळ तसाच नांगर धरणार. वेदी थर्माकोलची! बैल आमच्या भावजींचे, म्हणजे निलेशच्या वडिलांचे.
कॉन्व्हेंटच्या इंग्रजीचं सार्थक झालं म्हणायचं. विषय मात्र सुंदर आहे.

१८, गुरु.
दिवस कळला. रविवार, भाद्रपदी पोळा! एचआरचा तर्क: बैल त्या दिवशी आयतेच सजलेले असतात. मूर्ख. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे सांगायचं सोडून निलेश "यस सर" म्हणून आला.
भावजी फोनवर: "वहिनी, वरीसभर राबत्यात. सणाला बी जुपायचं? न्हाई जमायचं."
मागून निलेश ओरडला, "मग मला पर्मनंट तुमचे बैलच करणार का?"
बापलेकांचं बोलणं बंद.

१९, शुक्र.
बी.पी. वर. एचआरला फोन केला. "मॅडम, पाच मिनिटांचा तर फोटो. दुसरे बैल आणू. निलेशचं मग बघू."
या 'बघू'चा अर्थ मला कळतो. निलेशला कसा सांगू?

२०, शनि.
रंगीत तालीम. भाषण वाचायला मलाच पुढे केलं. वाचलं, आणि कागदावर नव्हतं तेही बोलले: तुमचे राजे दिवस पाहून नांगर धरायचे. आमच्याकडे उद्याचा दिवस बैलांच्या विश्रांतीचा.
एचआर पांढराफटक. निलेशची मान खाली. साहेब दुभाष्याशी बराच वेळ कोरियनमध्ये बोलले, एक अक्षर कळलं नाही. मग मला वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. राग? आदर? देव जाणे.

संध्याकाळी, भावजींकडे. त्यांनी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळले, उद्याच्या जेवणाचं आवतण त्यांच्या कानात सांगितलं. तेवढ्यात निलेशला एचआरचा मेसेज: मोठे साहेब उद्या सकाळी तुमच्या घरी येतायत. नांगराचा उल्लेख नाही.
"काकू, जेवायला येतायत का मला काढायला?"
"मला काय विचारतोस! डाळ भिजत घाल."
भावजी म्हणाले, "येऊ द्या की. पाहुणा हाय. पर जू मागितलं तर..."
आणि बैलाच्या खांद्याला पुन्हा तूप चोळायला लागले.