अडतीस टक्के

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सहा कॉलम काढून टाकले. मीच.

सकाळी कॉलेजातल्या बाराही कुंड्यांतले पेपरचे तुकडे धुऊन, वाळवून तोलले. वजन अडतीस टक्के कमी. सप्टेंबरात तेवढंच, ऑक्टोबरातही तेवढंच — पुढं सरकायचं नाव नाही. पिकाखाली अंथरून मातीतच कुजवायच्या आमच्या मल्चिंग पेपरात स्टार्च चाळीस टक्के. म्हणजे मातीतल्या जिवाणूंनी स्टार्च खाल्लं आणि बाकीचं पीएलए, म्हणजे मक्यापासूनचं प्लास्टिक, तसंच सोडून दिलं. ते कुजायला साठ अंशांची ऊब लागते. वावरात ती कुठून येणार?

पण वाटूरला तातेरावकाकांच्या वावरात मात्र सगळं गायब! जानेवारीत टरबुजाच्या दोन बेडवर हाच पेपर अंथरला होता, एप्रिलात नांगरून मातीत घातला. दर महिन्याला जाऊन मी खुंट्या ठोकलेल्या दहा जागा उकरते, माती चाळते, तुकडे तोलते. आता जवळपास काहीच सापडत नाही. एक्क्याण्णव टक्के कमी.

नरहर सर, माझे गाईड, म्हणाले की कुंडीतली माती मेलेली असते, शेतातलं खरं, तेवढंच लिही. रागावून नाही म्हणाले. चहा पिता पिता म्हणाले आणि लेक्चरला गेले. कुंड्यांच्या आकड्यांचे सहाही कॉलम निवडून डिलीटचं बटण दाबलं ते मी, एकटीनं.

कुंड्यांत माती काकांच्याच वावरातली आहे. दर महिन्याला ताजी आणून घालते. मेलेली कशी असेल? हे मी सरांना बोलले नाही.

१८ नोव्हेंबर

आईनं विचारलं, झालं का तुझं पूर्ण? हो म्हटलं.

२ डिसेंबर

कॉलेजात सादरीकरण झालं. काका आल्ते! वाटूरहून एसटीनं, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, शेवटच्या रांगेत बसून. मी ‘एक्क्याण्णव टक्के’ म्हटलं आणि त्यांनी एकट्यांनीच टाळी वाजवली. मग बाकीच्यांनी. मी पडद्याकडंच बघत राह्यले.

नंतर चहाला सांगत होते — शेजारचे भुजंग आणि भारत तयार झालेत. तिघांचं मिळून बारा एकर टरबूज, जानेवारीत, सगळं ह्याच पेपरवर. प्लास्टिक गोळा करत बसायची कटकट मिटली, नांगर फिरवला की माती. “आमच्या पोरीनं केलंय म्हणलं, डोळे झाकून घ्या,” असं त्यांना सांगून आलेत.

तिथंच थांबवायला पाहिजे होतं. मी बिस्किटाची प्लेट पुढं केली.

६ डिसेंबर

विहारात गेल्ते. मेणबत्ती लावली. बाबासाहेबांच्या फोटोकडं बघवलं नाही.

९ डिसेंबर

एक कुंडी फोडली. सगळी माती चाळली, उरलेली सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. खसखशीएवढे तुकडे — मोजता येईनात इतके. दुपारभर वजनं पुन्हा तपासली, काटा तपासला, हिशोब तपासला. सगळं बराबर. माझ्या हातून चूक झाली असती तर बरं वाटलं असतं.

बारा एकर. आणि हे मातीतून परत वेचून काढायची सोय नाही.

१४ डिसेंबर, रविवार

वाटूरला जाऊन आले. काकू माहेरी गेल्ती. काकांनीच चहा केला, साखर जास्त पडली. वाटेत सगळं घोकून ठेवलं होतं, पण बोलताना उलटंसुलटंच झालं. कुंड्यांचं सांगितलं. सहा कॉलमचं सांगितलं. सरांनी म्हटलं होतं असंही सांगितलं — आणि सांगतानाच लाज वाटली.

काकांनी कप खाली ठेवला.

“मंग आमच्या वावरात का दिसत न्हाई?”

“माहीत नाही, काका.”

“हे माहीत न्हाई, असं तू त्या दिवशी स्टेजवर बोलली न्हाईस.”

एवढंच. माझ्यासमोरच त्यांनी भुजंगला फोन लावला, पेपर घेऊ नको म्हणून सांगितलं, भारतलाही कळव म्हणाले. तिकडून कारण विचारलं असणार. “माझीच समजायची चूक झाली,” म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी येईपर्यंत हवापाण्याचं बोलत होते.

१५ डिसेंबर

सरांना सांगितलं, कुंड्यांचे आकडे परत घालते. थीसिस लांबेल म्हणाले. घाल म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत, चष्मा पुसत बसले. मी घातले.

तरी जीव हलका झाला नाही. एकच माती, एकच पेपर, आणि दोन आकडे. त्यातला एक खोटा आहे. अजूनही मनातून वाटतं की कुंड्यांचाच खोटा निघावा.

१८ डिसेंबर

काकूचा फोन. काल माहेरहून आली. काकांनी तिला यातलं काही सांगितलेलं दिसत नाही. म्हणाली, “या महिन्याला कधी येतीस ते आधी सांग, माय. मागल्या खेपेला जल्दी आलीस, थोडं ऱ्हाऊन गेल्तं.”

काय राहून गेलं, विचारलं.

“आगं, ते पांढरे तुकडे. दर बारीला तू यायच्या आधी दोन्ही बेड वेचून ठेवते मी. तुझ्या खुंट्यांच्या आतलं तर चाळणीनं चाळते. पाटीभर निघतंय. तुझी परीक्षा हाये, अन् वावर घाण दिसावं का?”

लाइन कट झाली असं वाटलं असेल तिला, दोनदा हॅलो म्हणाली.

मग म्हणाली, “रविवारी येतीस का? म्हंजे शनिवारी वेचून ठेवते.”