मसुद्यात राहिलेली सात पत्रं

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा काय म्हणतो? (भाऊजींना विचारून लिहू नकोस. ते 'छान आहे' म्हणतील. गुडघा त्यांचा नाही.) इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

आईच्या शिवणयंत्रावरून मी तुला चारचौघांत हावरट म्हणालो, त्याला तीन महिने झाले. फोन करायला तोंड नव्हतं, म्हणून त्याच आठवड्यात ईमेलवर माफी मागितली. उत्तर नाही. पुन्हा मागितली, तरी नाही. मग माझंही डोकं फिरलं. माणूस नाक घासतोय आणि ही साधं 'पोचलं' म्हणत नाही. एकूण सात पत्रं लिहिली आणि तुझ्या नावाने बोटं मोडत बसलो. 'तुमच्याकडे माझी पत्रं गहाळ होतात' म्हणून त्या इंटरनेटवाल्यालाही फोनवर झापलं. (तो बिचारा सॉरी म्हणाला.)

काल सूनबाईने पाहिलं, तर सातही पत्रं माझ्याच संगणकात, 'मसुदा' नावाच्या खणात. आता तूच सांग, चौतीस वर्षं मी कचेरीत काय केलं? मसुदा लिहायचा, ट्रेमध्ये ठेवायचा, विषय संपला. पाठवणं हे जावकवाल्याचं काम. एकदा मी आपण होऊन पाकीट चिकटवलं, तर तो आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता. 'पाठवा' हे बटण मला रोज दिसायचं, पण दुसऱ्याच्या कामात हात घालायची आपल्याला सवय नाही. सूनबाई पोट धरून हसली. मीही हसलो, आणि मग एकदम वाईट वाटलं. तीन महिने गप्प तू नव्हतीसच, मी होतो. तुला वाटलं असेल, बोलायचं ते बोलला आणि वर ढिम्म बसला.

ताई, चुकलो. यंत्र तुझंच आहे, आईने त्यावर शिवायला तुलाच शिकवलं. एक फोन कर.

तुझा,
धाकटा

ता. क. : हसता हसता सूनबाईने सातही पत्रं एकदम पाठवून दिली. (मला न विचारता.) तुझं ईमेल भाचा रविवारीच उघडतो, म्हणून हे पत्र शनिवारी पोचेल अशा बेताने टपालात टाकतोय. पहिली दोन वाच. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत न वाचता पुसून टाक. पाचवं तर नक्कीच, त्यात भाऊजीही आले आहेत.

ता. क. २ : सातव्यात शिव्या नाहीत. नुसतं 'ताई' लिहिलं आणि पुढे काही सुचलंच नाही. ते ठेव.