काळ्या कॉफीचा तळ

धंतोली, नागपूर
मार्गशीर्ष, गुरुवार

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस गिरिधरचा साष्टांग नमस्कार. (जीभ भाजली आहे, म्हणून बरं झालं पत्र लिहितोय.) आर्वीस सगळे खुशाल ना? तुमचा खोकला गेला? दादांचा राग उतरला, की अजून माझ्या कॉलेजचं नाव निघालं की ताट सरकवतात?

वहिनी, जीव भांड्यात पडला! कौशल्येच्या वडिलांनी, चंपतराव वकिलांनी, लग्नाला होकार दिला. त्यांची शंका एकच होती: "प्रोफेसराशी भांडून ज्यानं कॉलेज अर्ध्यात सोडलं, तो संसार काय पुरा करंल?" आता हे वकील काही वर्षं मद्रासेस गोऱ्या साहेबांत राहून कोरी, बिनदुधाची-बिनसाखरेची कॉफी प्यायला शिकून आलेले. आपली दूध-साखर, जायफळ-वेलदोड्याची कॉफी त्यांना खीर वाटते, आणि ती पिणारा कच्चा गडी. तसं ते बोलले मात्र, माझं डोकं तापलं (तुम्ही म्हणता तसं, चुलीवाचून) आणि मी ठणकावलं, मला कोरीच लागते!

काल कप समोर आला. वहिनी, तुमचा किराईताचा काढा त्यापुढे सरबत! पहिल्या घोटाला जीभ पोळली, दुसऱ्याला डोळे भरले. वकील टक लावून बघत होते. "काहून जी, कडू लागून राह्यली का?" मी म्हटलं, "छे, जरा फिकीच आहे." निम्मा कप झाला आणि माझा संयम संपला. कप आपटून उठणार, तोच दाराआड कौशल्या दिसली. तिने असे डोळे वटारले, की मुकाट्याने उरलेली घटाघट ओढली. आणि तळाशी साखर! चांगली दोन चमचे, न ढवळलेली! दूध घातलं असतं तर रंगावरून वडिलांनी पकडलं असतं. साखर काळ्यात कोणाला दिसते? (अर्ध्यात उठलो असतो तर मला तरी कुठे कळलं असतं?)

मी तळ इतका निपटून साफ केला, की वकील कपात डोकावून म्हणाले, "वा जी! पोरानं थेंब नाही ठेवला!"

कळावे, तुमचा अर्ध्यात न उठलेला दीर,
गिरिधर

ता. क. रविवारी बोलणीसाठी तुम्हा दोघांना बोलावलं आहे. दादांना आणाच.

पुन्हा ता. क. आनंदाच्या भरात मी सांगून बसलो, की आमच्या घरी सगळेच कोरी पितात, दादा तर लहानपणापासून. तेव्हा आजपासून त्यांना काढा म्हणून रोज थोडी पाजत जा. तळाच्या साखरेची आशा दाखवू नका. कौशल्या म्हणते, ती एकाच कपात पडते.