उजवीकडून ओढलेली रेघ

ता. ६ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू रडतोस आणि पत्रात रडत नाहीस, म्हणून पत्र. आपल्या पेंटरना, तुझ्या बाबांनाही, फोन देत जाऊ नकोस. आवाज ऐकला की ते मला कपाटात शोधतात, असं तूच सांगितलंस.

ऑपरेशनची जखम भरली. गाठ लहान होती, वेळेत सापडली, इथवर नशीब बरं. आता किरणांचे उपचार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथे एक चाचणी चालू आहे. जुनी पद्धत म्हणजे पाच आठवडे रोज, सगळ्या छातीला. नवी म्हणजे गाठ होती तेवढ्याच जागेला, एका आठवड्यात मोकळे. नवी जुनीइतकीच गुणकारी आहे का, हे त्यांना ताडून बघायचंय. कुणाच्या वाट्याला कुठली, ते कॉम्प्युटर ठरवतो. बाईंच्याही हातात नाही. मी ताबडतोब सही ठोकली. मला घरी यायची घाई आहे. आठवड्यात आले, तर रोज विसरत चाललेल्या पेंटरच्या डोक्यात मी थोडीतरी शिल्लक असेन.

प्रत्येक पाटीखाली ते ओढायचे ती वळणदार रेघ तुझ्या पत्राखाली काढून घेत जा. माझ्यासाठी आहे म्हणून सांग. ज्या पत्राखाली ती नसेल, त्या दिवशी मी उपचार सोडून पिशवी भरणार. बजावून ठेवते.

तुझी,
आई

ता. ११ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. उपचार सोडायचं पुन्हा लिहू नकोस, माझी झोप उडते. 

बाबा ठीक आहेत. काल त्यांनी दुकानात पिवळ्या रंगाच्या डब्यात चहा ओतला आणि रंग पातळ झाला म्हणून मलाच रागावले. दवाखान्याच्या पाटीचं काम मी एकट्याने पुरं केलं. अक्षरं तीन वेळा मोजून तपासली, मोजपट्टी हे नाव तू उगीच नाही ठेवलंस. माझी शाळा अर्धी राहिली, पण पाटीवरची चूक वर्षानुवर्षं लोक वाचतात. संध्याकाळी ते दारात उभे राहून विचारतात, ही अजून कशी आली नाही. मी म्हणतो, येईल आठवड्याभरात. मग आत येतात आणि थोड्या वेळाने पुन्हा दारात.

खाली रेघ आहे. तुझं नाव काढताच ब्रश मागितला.

तुझा,
मोजपट्टी

ता. १९ जानेवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आशीर्वाद.

कॉम्प्युटरने मला पाच आठवडे दिले. बाईंनी समजावलं की जुनी पद्धत पारखलेली आहे, यात माझं काही नुकसान नाही. त्यांचं बरोबर आहे. त्यांना पेंटर ठाऊक नाहीत.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मास्तरीण आहे. घरी तिची वाट बघणारं कुणी नाही, घरी जायचीही गोडी नाही, आणि तिला आठवडा मिळाला. ती म्हणाली, चला, बदलून घेऊ. आम्ही दोघी चाचणीच्या खिडकीपाशी जाऊन विचारून आलो, बसमधली जागा बदलावी तशा. तिथला मुलगा आधी हसला, मग आमची तोंडं बघून समजावू लागला. असं बदललं तर चाचणीच खोटी पडते, म्हणाला. आणि चाचणीतून बाहेर पडले तरी मला जुनीच पद्धत मिळेल. म्हणजे लवकर यायचं, तर उपचार अर्धे टाकूनच.

छातीवर जांभळ्या शाईने खुणा केल्यात. त्या पुसू द्यायच्या नाहीत. पाटीवर अक्षरं मांडण्याआधी पेंटर आखतात, अगदी तशा. बघितल्या असत्या, तर त्यांनी हमखास नावं ठेवली असती.

ते अजून दारात उभे राहतात ना? खरं लिही.

तुझी,
आई

ता. २ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा दारात उभे राहतात. तुझी आठवण काढतात. जेवण बरं आहे, झोप बरी आहे. हवा कोरडी असल्यामुळे रंग लवकर वाळतो. काळजीचं कारण नाही. उपचार पूर्ण कर.

रेघ खाली आहे.

तुझा,
मोजपट्टी

ता. २४ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आशीर्वाद.

आज शेवटचे किरण झाले. कातडी भाजल्यासारखी झाली आहे, पण भरेल म्हणतात. परवा गाडीत बसते. त्याआधी एक लिहायलाच हवं, कारण समोर आलास की तू खाली मान घालशील.

पेंटर डावखुरे आहेत. रेघ उजवीकडून ओढतात. ब्रश टेकतो तिथे ती जाड, सुटतो तिथे केसासारखी. या महिन्यातल्या तुझ्या सगळ्या पत्रांखालच्या रेघा डावीकडे जाड आहेत. हात चांगला बसलाय तुझा. पण मी त्यांच्या शेजारी बसून जन्मभर अक्षरांत रंग भरलाय.

पहिली तशी रेघ आली तेव्हा पिशवी भरली होती. मग मास्तरीणबाईंच्या रिकाम्या खाटेवर बसून राहिले. ज्यांच्यासाठी पळायचं, त्यांच्या डोक्यातून मी पुसली गेले होते. तुला कुणीतरी शाबूत राहायला हवं, म्हणून पिशवी उपसली आणि रांगेत जाऊन उभी राहिले. माफी मागू नकोस. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं, फक्त डाव्या हाताने.

तुझी,
आई

ता. ८ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

चाचणीतल्या लोकांना तपासणीसाठी पुन्हा पुन्हा बोलावतात, हे मला मान्य आहे. पण तू गेलीस की घर खायला उठतं. तपासणीत काही निघालं नाही, हे वाचून बरं वाटलं. खरंच निघालं नाही ना?

इकडचं लिहितो. फेब्रुवारीत तू बायको म्हणून घरात आलीस, तेव्हा बाबा बाथरूमला आतून कडी लावून बसले होते, ते आठवतं. रंग भरायला आलेली बाई म्हणून दुसऱ्या दिवशी तू आलीस आणि त्यांनी तुला स्टूल दिलं. तेव्हापासून सुरळीत चाललं होतं. तू निघायच्या आदल्या दिवशी तर, बाईचा हात स्वच्छ आहे, असं माझ्यापाशी म्हणाले. तुला सांगायचं राहिलं.

काल त्यांनी आपणहून ब्रश मागितला. खालची रेघ त्यांची आहे, उजवीकडून. ही बायकोला पाठव म्हणाले. मग मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "त्या रंगवाल्या बाईला उद्यापासून येऊ नको म्हणावं. घरची यायची झाली. तिला आवडायचं नाही."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? स्टूल त्यांनी स्वतः उचलून माळ्यावर ठेवलं. संध्याकाळी पुन्हा दारात उभे होते.

शुक्रवारी तू येशील. दार कोण म्हणून वाजवशील, तेवढं आधी कळव. मला काही सुचत नाही.

जीव लावलास तसाच लावून ठेव.

तुझा,
मोजपट्टी